पाळलेला साप मालकावर प्रेम करतो? त्या व्हिडिओखालच्या मजकुराला उत्तर

गेल्या महिन्यात वहिनीने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, तिच्या गळ्यात तीन-चार फुटी तपकिरी साप. साप मान उचलून तिच्या चेहऱ्यासमोर डोलतो, मग जीभ तिच्या गालाला लावतो. खाली लांबलचक मराठी मजकूर. पाळलेला साप मालकावर कुत्र्याइतकंच प्रेम करतो, हे परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, अशी सुरुवात. मग एकेक पुरावा: तो गळ्याला मिठी मारतो आणि मालकाच्या काळजाचे ठोके ऐकत शांत होतो. जिभेने पापी घेतो. मालक दिसला की आनंदाने डोलतो. नावाने हाक मारली की येतो. मालक गावाला गेला तर अन्न सोडतो. चावत नाही, कारण त्याचा विश्वास बसलेला असतो. आणि शेवटी, लहानपणापासून हाताळला तर कोणताही साप माणसाळतो, अगदी नागसुद्धा.

वहिनीने खास माझ्यासाठी खाली लिहिलं होतं, "ताई, तुमच्या सुपारीचं पण असंच असेल ना?"

सुपारी म्हणजे माझी बॉल पायथन, अजगराच्या एका लहान आफ्रिकी जातीची. मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहते. इथे हा साप घरात ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. गेली 8 वर्षं ती माझ्याकडे आहे. घाबरली की डोकं आत घेऊन अंगाचा घट्ट गोळा करते, म्हणून सुपारी. तिच्यावर माझा जीव आहे. तरीही त्या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि जीव आहे म्हणूनच ते मला सोडून देता येत नाही.

खरं तर दोन ओळींत उत्तर देऊन मी विषय संपवला असता. पण दोन दिवसांनी कराडजवळच्या आमच्या घरून भाच्याचा फोन आला. वहिनीचा मुलगा, तेरा वर्षांचा. "आत्या, विहिरीजवळ सापाचं पिल्लू सापडलं. बरणीत ठेवलंय. काळपट आहे, अंगावर पांढरे पट्टे. रोज हातात घेणार आहे मी, म्हणजे मोठं झाल्यावर मला ओळखेल." काळपट अंग आणि पांढरे पट्टे हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्या फोनचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी मजकुराकडे येऊ.

पहिलं ते मिठीचं. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडायचं आणि रात्री बाहेर पडायचं, असं त्याचं आयुष्य. त्याला अंगची ऊब नसते, ती बाहेरून मिळवावी लागते. सुपारीच्या पेटीची गरम बाजू मी 32 अंशांच्या आसपास ठेवते, थंड बाजू 26 च्या. आपली कातडी साधारण 33-34 अंशांवर असते. एअर कंडिशनर लावलेल्या खोलीत माझी मान म्हणजे तिच्या दृष्टीने सगळ्यात गरम फांदी. शिवाय उंचावर असलेला साप पडू नये म्हणून मिळेल त्याला विळखा घालतो. ऊब आणि आधार, एवढी दोन कारणं तिला पुरतात.

काळजाच्या ठोक्यांचा मात्र मला जास्त राग आला, कारण त्यात अर्धं सत्य आहे. विळखा घालणारा साप ठोके टिपतो, हे खरंच तपासलं गेलंय. 2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बोआ सापांना मेलेले उंदीर दिले. काही उंदरांच्या छातीत ठोक्यांसारखी धडधड करणारं कृत्रिम हृदय बसवलं होतं. ज्या उंदराचं 'हृदय' चालू होतं, त्याला सापाने अधिक जोराने आणि कितीतरी जास्त वेळ आवळलं. भक्ष्य अजून जिवंत आहे, आवळणं थांबवू नकोस, हा त्या ठोक्यांचा सापाला कळणारा अर्थ. आवळल्याने भक्ष्याचा श्वास कोंडून ते मरतं असं आपण शाळेत शिकलो. त्याच संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की रक्तप्रवाहच काही सेकंदांत अडतो. सुपारी माझ्या गळ्यात असते तेव्हा मला भक्ष्य समजत नाही, मी तिच्यासाठी फार मोठी आहे. पण ती ठोके ऐकून सुखावते असं म्हणायला कणभरही आधार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. चार फुटी बॉल पायथनपासून मोठ्या माणसाच्या जिवाला धोका नसतो. बारा-पंधरा फुटी अजगराची गोष्ट वेगळी. 2013 साली कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात पाळलेला एक आफ्रिकन रॉक पायथन रात्री पेटीतून निसटला आणि झोपेतल्या दोन लहान भावांचा जीव गेला. मुलांच्या गळ्यात साप घालून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला मी ही घटना सांगते.

पापीचं उत्तर सोपं आहे. सापाची जीभ हे त्याचं नाक आहे असंच समजा. जीभ बाहेर येते, हवेतले आणि पृष्ठभागावरचे वासाचे कण टिपते, आत जाते, आणि टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसन इंद्रियापर्यंत ते कण पोहोचतात. जीभ दुभंगलेली असल्यामुळे डाव्या टोकावर वास जास्त की उजव्या, हेही कळतं. वाट अशीच सापडते. सुपारी माझ्या गालाशी जीभ लवलवते तेव्हा गालावर काय आहे ते हुंगते. साबण बदलला की ते लवलवणं किती वाढतं, हे मी अनेकदा पाहिलंय. जीभ हलते आहे तोवर मी निश्चिंत असते. ती थांबली, मान इंग्रजी 'एस'सारखी मागे आखडली आणि नजर एका जागी खिळली, की मी हात स्थिर ठेवते. हे समजायला प्रेमाची भाषा लागत नाही, रोज नीट पाहावं लागतं.

आता डोलणं. व्हिडिओतल्या त्या सापाकडे पुन्हा पाहा. पाठीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा आहेत. बॉल पायथनच्या या रंगप्रकाराला 'स्पायडर' म्हणतात. बंदिवासात पहिला अल्बिनो, म्हणजे गडद रंगद्रव्य नसलेला, बॉल पायथन 1992 मध्ये जन्मला, आणि तेव्हापासून नवनव्या रंगांच्या पैदाशीचं एक मोठं व्यापारी जग उभं राहिलं. नवा रंग आला की किंमत चढते. स्पायडर त्यातलाच लोकप्रिय प्रकार, आणि त्या रंगाला एक दोष चिकटलेला आहे. या सापांचं डोकं थरथरतं, डुलतं, कधी मान उलटी वळते, काहींना भक्ष्यावर नेम धरता येत नाही. 2022 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी सीटी स्कॅन करून पाहिलं तेव्हा या सापांच्या अंतर्कर्णाची रचनाच बिघडलेली आढळली. तोल सांभाळणाऱ्या नळ्या विकृत होत्या. म्हणजे ज्या डोलण्यावर लाखो लोक 'किती गोड' लिहितात, तो जन्मजात तोल गेलेला जीव आहे. साप उत्तेजित झाला की, भक्ष्य दिसलं, कोणी उचललं की हे डोलणं वाढतं. म्हणून मालक समोर आल्यावर तो जास्त डोलतो आणि मालकाला वाटतं, मला पाहून खूश झाला.

या एका मुद्द्यासाठी तरी तो व्हिडिओ पुढे पाठवू नये असं मला कळकळीने वाटतं. त्याला मिळालेली प्रत्येक पसंती अशा सापांची मागणी वाढवते, आणि मागणी वाढली की पैदास.

आपल्याकडे डोलणाऱ्या सापाचं कौतुक जुनंच आहे. गारुड्याची पुंगी आपण सगळ्यांनी पाहिली. तिथला नाग सुरावर डोलत नाही, समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून स्वतःला सावरत असतो. फणा काढणं हाच मुळी बचावाचा पवित्रा आहे. गारुडी हात थांबवतो तेव्हा नागही थांबतो.

नावाने हाक मारण्याबद्दल फार लिहायचं कारण नाही. सापाला बाहेरचा कान नसतो, म्हणून तो ठार बहिरा असतो असं जुन्या पुस्तकांत असायचं, तेही चूक. 2012 मध्ये डॅनिश संशोधकांनी बॉल पायथनच्याच श्रवणशक्तीचा अभ्यास केला. साधारण 80 ते 160 हर्ट्झचे खर्जातले आवाज त्याला सगळ्यात चांगले जाणवतात, कारण आवाजाने कवटी कंप पावते. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 19 सापांना आवाज ऐकवले. वोमा पायथन आवाजाच्या दिशेने सरकले, तर तैपानसारखे विषारी साप दूर गेले. तेव्हा सापाला माझा आवाज दबका का होईना पोहोचत असेल. पण 'सुपारी' हा शब्द तिला कळतो याचा पुरावा कुठेही नाही. ती संध्याकाळी झाकणाशी येते कारण तिची जागं व्हायची वेळ तीच. मी हाक मारो की नवरा मुकाट्याने दार उघडो, ती तशीच येते.

विरहाने अन्न सोडण्याची गोष्ट मात्र जरा बारकाईने पाहू, कारण तिच्यामुळे साप मरतात. बॉल पायथनचे उपास त्यांना पाळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतात. थंडीत, प्रजननाच्या काळात, अंडी धरलेली असताना, कात टाकायच्या आधी, नवी जागा मिळाल्यावर, पेटी थंड पडल्यावर ते खाणं थांबवतात. धडधाकट प्रौढ साप काही महिने सहज उपाशी राहू शकतो. सुपारीने एका वर्षी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत काही घेतलं नाही, आणि त्या सगळ्या काळात मी घरातच होते. वजन 1620 ग्रॅमवरून 1540 वर आलं, तेवढंच. उलट मी तीन आठवडे कराडला आले होते तेव्हा शेजारणीने वितळवलेला उंदीर चिमट्यात धरून दिला आणि सुपारीने पहिल्या झडपेत घेतला. पण धोका इथे आहे. अन्न सोडणं हे तोंडातल्या संसर्गाचं, श्वसनाच्या आजाराचं, गोचिडांसारख्या बारीक किड्यांचंही लक्षण असतं. "माझी आठवण काढतोय" म्हणणारा मालक थर्मामीटर पाहत नाही, वजन करत नाही, डॉक्टरकडे नेत नाही.

याच व्हिडिओच्या खाली कोणीतरी दुसरी लोकप्रिय गोष्टही लिहिली होती. एक बाई अजगराला शेजारी घेऊन झोपायची, त्याने खाणं सोडलं, तो रात्री तिच्या शेजारी सरळ ताणून पडू लागला, आणि डॉक्टर म्हणाले, तो तुम्हाला गिळण्यासाठी माप घेतोय. ही कथा गेली अनेक वर्षं देशोदेशी फिरते आहे, दरवेळी बाई वेगळी. कोणताही साप भक्ष्याशेजारी झोपून माप घेत नाही. तो दबा धरतो, झडप घालतो, आवळतो, आणि जमत नसेल तर सोडून देतो. सरळ ताणून पडणं ही सापाची आरामाची नेहमीची अवस्था आहे, म्हणून तर त्याची पेटी त्याला पूर्ण ताणता येईल एवढी लांब हवी. अजगराने प्रौढ माणूस गिळल्याच्या घटना इंडोनेशियात सुलावेसी भागात 2017 आणि 2018 मध्ये घडल्या, त्या सुमारे 7 मीटर लांबीच्या जाळीदार अजगरांच्या. प्रेमाची गोष्ट आणि मापाची गोष्ट एकमेकींच्या उलट वाटतात, पण दोन्हींत सापाच्या हालचालीत माणसाचा हेतू घुसडलेला आहे.

आता विश्वास. तो चावत नाही म्हणजे त्याचा माझ्यावर विश्वास आहे. मराठी वाचकाला याचं उत्तर पुण्यातूनच मिळायला हवं. 1980 साली सर्पमित्र नीलिमकुमार खैरे पुण्यात 72 विषारी सापांबरोबर 72 तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचलं नाही तर साप चावत नाही, हेच त्यांना लोकांना दाखवायचं होतं. त्या सापांचा खैरेंवर जीव जडला होता असं कोणी म्हणालं नाही. विष बनवायला सापाला शक्ती खर्च करावी लागते, झटापटीत दात तुटतात, जखमा होतात. न चावणं ही त्याची नेहमीची वृत्ती आहे, ती कोणा एका माणसाला दिलेली भेट नाही.

पण हे कळायला मला स्वतःला किंमत द्यावी लागली, म्हणजे खरी किंमत सुपारीने दिली. ती आली तेव्हा जेमतेम दीड फुटी होती. पहिल्या महिन्यात मी तिला रोज हातात घ्यायचे. ती तळहातावर निपचित बसायची. अजिबात हलायची नाही. मला वाटायचं, किती शांत, किती लवकर रुळली. घरी आलेल्या प्रत्येकाला मी ते दाखवलं. तिने सात आठवडे काही खाल्लं नाही. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी तिला तपासण्याआधी मला पेटीचे फोटो मागितले. चारी बाजूंनी काच, लपायला एकच मोठं, उघडं खोकं. त्यांनी सांगितलं, हा प्राणी शांत नाही, भीतीने गोठलेला आहे. जीभ बाहेर येते का पाहा. येत नव्हती. मी सात आठवडे भीतीलाच माया समजत होते.

मग पेटीच्या तीन बाजू झाकल्या. गरम आणि थंड अशा दोन्ही टोकांना अंग चिकटून बसेल इतक्या लहान लपण्याच्या जागा दिल्या. दोन आठवडे तिला हात लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने खाल्लं. त्यानंतर मी नेम ठरवला: खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही, डोळे निळसर पडले म्हणजे कात जवळ आली तर उचलायचं नाही, उचलण्याआधी कागदाच्या नळीने अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे हे जेवण नाही हे तिला समजतं. हा स्पर्श एकदा विसरले होते आणि हाताला उंदराचा वास होता. तेवढ्यात ती चावली. पुसटसे टोचल्यासारखे दात, थोडं रक्त. तिने वैर धरलं नव्हतं, आणि त्याआधी माया केली नव्हती. वासावरून माझा हात तिला जेवण वाटला.

मजकुराच्या पहिल्याच ओळीतले 'परदेशी शास्त्रज्ञ' कोण, ते मजकूर सांगत नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी खरोखर काय पाहिलं ते सांगते, कारण ते त्या मजकुरापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

1999 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड होल्ट्झमन यांनी कॉर्न स्नेक जातीच्या पिल्लांना एका मोठ्या गोल रिंगणात सोडलं. रिंगणाच्या तळाशी भोकं होती, त्यांतलं एकच खरं सुटकेचं. रोज सराव दिल्यावर पिल्लं ते भोक लवकर शोधू लागली. म्हणजे साप शिकतो आणि लक्षात ठेवतो. 2020 मध्ये कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठात मॉर्गन स्किनर आणि नोअम मिलर यांनी 40 गार्टर सापांच्या पिल्लांवर खुणा करून ती कोणाबरोबर लपतात ते टिपलं. दिवसातून दोनदा त्यांना पांगवून जागा बदलली तरी ती पुन्हा त्याच सोबत्यांपाशी जायची. पुढे त्याच प्रयोगशाळेने सहा-सहा बॉल पायथन एका जागेत ठेवले आणि प्रत्येकाला वेगळी लपण्याची जागा दिली, तरी ते बहुतेक वेळ एकाच जागेत गोळा होऊन बसले. एकलकोंडा म्हणून ज्याची ख्याती, तो साप सापांच्या सोबतीला जातो. 2024 मध्ये याच चमूने स्वतःचा वास ओळखण्याची चाचणी घेतली. गार्टर सापांनी बदललेल्या स्वतःच्या वासाकडे जास्त लक्ष दिलं, बॉल पायथननी दिलं नाही. सगळे साप सारखे नसतात, हे त्यातून दिसलं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग इंग्लंडमधला. लिंकन विद्यापीठात कॉर्न स्नेक सापांना ओळखीच्या माणसाचा आणि अनोळखी माणसाचा वास दिला. त्याचा निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पेट्या समृद्ध होत्या, म्हणजे ज्यांत चढायला, लपायला, हुंगायला काही होतं, त्या सापांना दोन वासांतला फरक कळला. साध्या, रिकाम्या पेटीत वाढलेल्यांना तो कळल्याचं दिसलं नाही. तेव्हा साप माणसाला ओळखू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर 'वासाने, काही साप, चांगली वागणूक मिळाली तर' असं आहे. ओळखणं वेगळं आणि प्रेम वेगळं, हा फरक आपण शेजाऱ्यांच्या बाबतीत रोज करतो, सापाच्या बाबतीतही करायला हवा.

कुत्र्याशी तुलना मात्र कुठल्याच बाजूने टिकत नाही. 2015 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, तेच जे आई आणि तान्ह्या मुलात वाढतं. त्यामागे माणसाच्या सोबतीत गेलेली निदान पंधरा हजार वर्षं आहेत. बॉल पायथनच्या पैदाशीला अजून मोजक्याच पिढ्या झाल्या, आणि त्याही रंगासाठी, माणसाशी नातं जुळावं म्हणून नाही. सापाकडून कुत्र्याची अपेक्षा केली तर साप जे खरोखर देतो ते दिसतच नाही. सुपारी आता हातावर येते तेव्हा जीभ चालू असते, अंग सैल असतं, ती माझ्या बाहीत डोकावते, दंडावरून खांद्यावर जाते, आणि मी खाली ठेवलं तर पळत नाही. तिला माझी भीती वाटत नाही. भित्र्या प्राण्याने आपल्याला धोक्यातून वगळावं, यासाठी मी 8 वर्षं दिली आणि मला ते कमी वाटत नाही.

आता शेवटचं वाक्य, लहानपणापासून हाताळलेला कोणताही साप माणसाळतो, अगदी नागसुद्धा. भाच्याने बरणी उचलली ती याच वाक्यामुळे.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सरासरी वर्षाला 58,000 माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतात. नागाच्या पिल्लाला जन्मापासून विष असतं. सवयीने त्याची भीती कमी होईल, पण एक दिवस भूक, कात, अचानक पडलेली सावली किंवा हाताला आलेला बेडकाचा वास यांतलं काहीही पुरतं. गावोगावी विषारी साप गळ्यात घालून रील करणाऱ्यांचे मृत्यू आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्यांतले कितीतरी जण वर्षानुवर्षं साप हाताळणारे असतात.

आणि कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवता येत नाहीत, बिनविषारी असले तरी नाही. अजगरासारख्या अनुसूची 1 मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्याच्या बाबतीत 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड अशी आहे. परदेशी बॉल पायथनही मोकळा नाही. तो वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत असल्यामुळे 2024 च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. इथे अमेरिकेत मी सुपारी पाळते, म्हणून तिथे कोणी धामण पाळावी, असा अर्थ माझ्या फोटोंतून कोणी काढू नये. यापुढे घरच्या ग्रुपवर तिचे गळ्यातले फोटो मी टाकणार नाही, हे वहिनीला सांगून टाकलंय.

भाच्याला त्या दिवशी फोनवर मी एवढंच सांगितलं: झाकण उघडू नकोस, बरणी ओट्यावर ठेव, बाबांना बोलाव. काळपट अंगावर पांढरे पट्टे म्हणजे कवड्या असू शकतो, तो बिनविषारी. मण्यारही असू शकतो, आणि मण्यारीचा दंश इतका बारीक असतो की रात्री झोपेत चावली तर माणसाला कळतही नाही. दोन्ही इतके सारखे दिसतात की भलेभले फसतात. भावाने वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. तासाभराने एक सर्पमित्र आले. त्यांनी बरणी उजेडात धरून पट्टे पाहिले. मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत गेलेले, म्हणजे कवड्या. त्यांनी ते पिल्लू विहिरीच्या कठड्याजवळ, दगडांच्या सांदीत सोडलं. भाचा मोबाइलवर मला दाखवत होता. पिल्लू क्षणभर थांबलं, जीभ दोनदा बाहेर आली, आणि ते आत गेलं.

"मागे वळून पाहिलं नाही त्याने," तो म्हणाला.

मी म्हटलं, "जीभ पाहिलीस का तू?"

"हो, दोनदा."

"तिथे काय आहे ते विचारत होता. आता त्याला कळलं."

त्याने बरणी राखेने घासली आणि वहिनीच्या लोणच्याच्या फळीवर परत ठेवली.